डाव्या पायाचा आवाज

“बाई, पाय बदललाय तुमचा,” भीमाबाई वाकल्या वाकल्या म्हणाली, आणि महेश्वरी आणखी वीसेक पावलं पळून थांबली. थांबायचं नसतं. सात रस्त्यापासून संभाजी तलावाच्या कठड्यापर्यंत मध्ये कुठंही थांबायचं नाही, हा तिचा सतरा महिन्यांचा नेम. कुठल्या देवाला बोललेला नव्हता, तरी सोमवारच्या उपासापेक्षा कडक पाळलेला. उपासाला निदान साबुदाणा चालतो. पण आज ती थांबली, मागं वळली आणि रस्ता झाडणाऱ्या बाईपाशी येऊन उभी राहिली. भीमाबाई महापालिकेत झाडूकामाला. बावीस वर्षं विजापूर रोडचा हाच पट्टा. सकाळच्या वेळी ती कुणाचं तोंड बघत नाही, खराट्यापुढची हातभर जमीन बघते, त्यामुळं पळायला येणारी सगळी माणसं तिला पायांच्या आवाजावरून ठाऊक. “काय बदललं?” महेश्वरीनं विचारलं. धाप लागली होती, पण ती धाप चांगली होती, तिच्याबद्दल काही तक्रार नव्हती. भीमाबाई कमरेवर हात ठेवून सरळ झाली. “आवाज की. तुमचा आवाज कसा, घड्याळावानी. मान वर न करता सांगते मी, बाई आल्या. आज उजवा बरुबर पडतोय, डावा मागनं येतोय. आन् जरा घासून येतोय.” “बूट झिजला असेल.” “आसंल की,” भीमाबाई म्हणाली, आणि ती ते फारच चटकन म्हणाली. माणूस पटलं म्हणून एवढ्या चटकन हो म्हणत नाही, समोरच्याचं तोंड बघून म्हणतं. एवढ्यात मागून रुद्राणी आली. ही गल्लीतली शेजारीण. साडीवर बूट घालून, अर्धं पळत अर्धं चालत, रोज तिच्या मागं असायची. “काय झालं गं? मुरगळला का?” “काही नाही.” “काही न्हाय कसं? ह्या सांगायल्यात की.” महेश्वरी वळून पळायला लागली. तलावाचा कठडा अजून लांब होता आणि आता तिला स्वतःच्या पायांशिवाय दुसरं काही ऐकू येत नव्हतं. रिक्षा गेली, दुधाची गाडी गेली, बाभळीवर कसलेसे पक्षी कलकलत होते, आणि या सगळ्याच्या खाली उजवा, डावा, उजवा, डावा. सारखेच पडत होते. नव्हते पडत. पडत होते. कठड्याला हात लावला तेव्हा डाव्या जांघेतून, अगदी आतून, कुणीतरी खिळा नुसता टेकवून बघावा तसं झालं आणि गेलं.

दुसऱ्या कुणाचा पाय दुखला तर पाय दुखतो, तेल लावतात, विषय संपतो. महेश्वरीचा पाय दुखला तर त्याचा अर्थ काढावा लागतो. तीन वर्षांपूर्वी तिची डावी किडनी काढली, आत कॅन्सरची गाठ होती म्हणून. घरात सांगितलं मुतखडा. सोलापूरचं पाणीच तसं, दर तिसऱ्या घरात मुतखडा, त्यामुळं कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. दीड वर्षानंतर फुप्फुसात तीन डाग दिसले, ज्वारीच्या दाण्याएवढे. त्या दिवशी डॉक्टरांनी दोघा नवराबायकोला बसवून नीट सांगितलं होतं. हा आता मुळापासून जाणार नाही, पण सांभाळता येतो, शुगरसारखा धरा, रोजची गोळी, तीन महिन्यांनी तपासणी, आणि आयुष्य चालू. गुरुलिंगनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, त्यातला एकच शब्द उचलला आणि संध्याकाळी जेवताना आईला सांगून टाकलं, “आई, हिला शुगर निघाली.” किती सहज म्हणाला. चाटी गल्लीत टॉवेल-चादरींचं दुकान चालवणारा माणूस. रंग जाणार नाही असं गिऱ्हाइकाला सांगताना त्याची पापणी हलत नाही, तशीच तेव्हाही हलली नव्हती. महेश्वरीला राग आला नाही, उलट हायसं वाटलं होतं. कारण त्या घरात तो दुसरा शब्द उच्चारायची सोय नव्हती. गुरुलिंगचा थोरला भाऊ नंदीश चौतिसाव्या वर्षी रक्ताच्या कॅन्सरनं गेला. सोळा महिने अंथरुणावर. सुंदरम्मानं, त्याच्या आईनं, त्या सोळा महिन्यांत बार्शीच्या कॅन्सरच्या दवाखान्याच्या इतक्या खेपा केल्या की आजही एसटी स्टँडवर बार्शीची पाटी दिसली की ती पदर तोंडाला लावून दुसरीकडं बघते. तिच्या लेखी बार्शी हे गावाचं नाव राहिलंच नव्हतं. अमक्याला बार्शीचं झालंय, असं ती म्हणायची. अशा बाईला दुसऱ्यांदा कसं सांगणार? शुगर बरी. शुगर घरच्यासारखी असते.

आणि सुंदरम्मानं ती शुगर अशी काही मनावर घेतली की विचारू नका. मेथीचे दाणे भिजले, जांभळाच्या बियांचं चूर्ण झालं, रोज सकाळी वाटीभर कारल्याचा रस महेश्वरीपुढं यायला लागला. एका किडनीवर चाललेल्या बाईनं तो रस प्यावा की नाही हे डॉक्टरांना विचारायचं धाडसही तिला झालं नाही. ती मोरीत जाऊन ओतायची आणि वाटी विसळताना तोंड कडू करून बाहेर यायची. रोजच्या गोळीनं तिचे केस वर्षात पांढरेशुभ्र झाले. “शुगरनं केस पिकतात,” सुंदरम्मानं गल्लीत जाहीर केलं, आणि मधुमेहाच्या दोन बायका दुसऱ्याच दिवशी आरशासमोर उभ्या राहिल्या म्हणे. मग पळणं सुरू झालं तेव्हा तर सासूबाईंच्या अंगात वारंच शिरलं. सुरुवातीला बाळीवेसच्या गल्लीत हसले लोक. पंचेचाळिशीची बाई, शाळेतली भूगोलाची बाई, पंजाबी ड्रेसवर बूट चढवून उजाडायच्या आत धावतीये, “म्हेश्वरी, कुटं आग लागलीया गं?” अशी विचारपूस व्हायची. सुंदरम्मा ओट्यावरून उत्तर द्यायची, “तुज्या घरात लागलीया. तुजी शुगर किती? साडेतीनशे. माज्या सुनंची बघ.” तिनंच रुद्राणीला मागं लावून दिलं होतं. रुद्राणीची शुगर खरोखरची होती, आणि ती खरोखर उतरत होती, आणि तिचा महेश्वरीवर एखाद्या स्वामींवर असावा तसा विश्वास बसला होता. खोटं एवढं अंगाला लागलं होतं की कधी कधी महेश्वरीलाच वाटायचं, आपल्याला शुगरच असावी.

पळणं कसं सुरू झालं हे मात्र तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, गुरुलिंगलाही नाही. डाग सापडल्यानंतरच्या आठवड्यात ती सात रस्त्यावर बससाठी उभी होती. बस सुटली आणि ही कशी कोण जाणे तिच्यामागं धावली. शंभर-सव्वाशे पावलं. दांडा हाताला लागला, आत चढली, सीटवर बसली आणि धापा टाकायला लागली. आणि मग तिच्या लक्षात आलं की श्वास येतोय. आत जातोय, तळापर्यंत जातोय, ते तीन दाणे जिथं कुठं असतील त्यांच्या बाजूनं, त्यांना ओलांडून जातोय, आणि परत येतोय. बसमध्ये ती हसली होती. दुसऱ्या दिवशी तिनं नवी पेठेतून बूट आणले. डॉक्टर म्हणाले, जमेल तेवढं पळा, दम कोंडेपर्यंत नको, चांगलंच आहे. पण डॉक्टरांचं चांगलं वेगळं आणि महेश्वरीचं वेगळं. तिच्या मनानं एक हिशेब बांधून टाकला. जोवर मी तलावापर्यंत न थांबता, श्वास न तुटता पोचते तोवर डाग तेवढेच राहतात. थांबले की गाठतील. हा हिशेब वेडगळ आहे हे तिला कळत होतं. ती शिकलेली बाई, वर्गात पोरींना ग्रहणात जेवलं तरी काही होत नाही असं बजावून सांगणारी. पण सतरा महिन्यांत चार तपासण्या झाल्या आणि चारही वेळा डाग तेवढेच निघाले, तेव्हा वेडगळपणाला पुरावा मिळाला, आणि पुरावा मिळालेला वेडगळपणा सोडवत नाही. आता पाचवी तपासणी. ती जानेवारीच्या शेवटी व्हायला हवी होती. ती नीट नेमानं श्वासाच्या दारावर पहारा देत बसली होती, आणि आज भीमाबाई म्हणत होती की मागच्या न्हाणीच्या बोळातून कोणीतरी आत शिरलंय.

घरी आली तेव्हा सुंदरम्मा डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसली होती. पूजेत ती बोलत नाही, पण डोळे उघडे असतात, आणि आज ते डोळे महेश्वरीच्या पायांवर आले, तिथं थोडे थांबले आणि परत तळहातावर गेले. की हेही महेश्वरीलाच वाटलं? आंघोळ करताना तिनं मांडीवर, जांघेवर बोटांनी चाचपून बघितलं. काही लागलं नाही. दाबलं तर दुखलं, पण कुणाचीही मांडी एवढी दाबली तर दुखेलच की. उजवी दाबून बघितली. तीही दुखली. बरं वाटलं. मग उजवी कमी दाबली की काय म्हणून पुन्हा दाबली. असं करता करता पाणी निवलं आणि बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, “म्हेश्वरी, पेपर हाय नव्हं तुजा?”

दहावीची परीक्षा चालू होती आणि तिला पर्यवेक्षण होतं, विज्ञानाचा पेपर, खोली क्रमांक नऊ. पर्यवेक्षकानं बसायचं नसतं. एरवी बायका टेबलाला टेकतात, खिडकीशी रेंगाळतात, पण महेश्वरी त्या दिवशी पाच रांगांमधून चालत राहिली, कारण एवढी शांतता तिला दुसरीकडं कुठं मिळणार होती? पंचवीस पोरी माना खाली घालून लिहितायत, डोक्यावर दोन पंखे, बाहेर मार्चचं ऊन पत्र्यावर तापतंय, आणि त्यात तिच्या चपला. तिनं पायांना त्यांच्या मनासारखं चालू दिलं आणि नुसतं ऐकलं. खिडकीपासून दारापर्यंत काही नाही. दारापासून खिडकीपर्यंत काही नाही. तिला एकदम भीमाबाईचा राग आला. काय समजते ती? खराट्याच्या आवाजात कुणाचा पाय ऐकू येतो? मग तिसऱ्या रांगेत तिला ऐकू आलं. उजवी चप्पल पट् करून पडत होती आणि डावी पट् करायच्या आधी सस् करत होती. एवढासा सस्. तिनं पाय उचलून टाकला, सस् गेला. पाय विसरली की सस् परत आला. “बाई, पुरवणी,” एका पोरीनं हात वर केला. तिनं पुरवणी दिली, पोरीनं वर बघितलं, आणि महेश्वरीला वाटलं हिलाही ऐकू येतंय. सगळ्या पंचवीस जणींना ऐकू येतंय, फक्त पेपर चालू आहे म्हणून बोलत नाहीत. डॉक्टरांनी एक वाक्य सांगितलं होतं, ते ती वर्षभर कुठंतरी तळाशी दाबून बसली होती. हा आजार हाडात शिरायला बघतो. हाडात कुठं नवं दुखणं आलं की आधी मला कळवायचं. तोवर मालीश नाही, ओढाओढ नाही. आतून पोखरलेलं हाड बाहेरून चांगलं दिसतं आणि काडीसारखं मोडतं. नवं दुखणं. पण नवं म्हणजे कधीचं? आज सकाळचं म्हणजे नवं. जानेवारीत ध्वजवंदनाच्या दिवशी जिना उतरताना काहीतरी झालं होतं, पण ते वेगळं, ते थंडीचं, त्या दिवशी तीन तास मैदानावर उभं राहून सगळ्याच बायकांचे पाय भरून आले होते. आणि हळदीकुंकवाला जमिनीवरून उठताना झालं ते मांडी घालून बसल्यामुळं. आणि परवाचं. परवाचं कशामुळं ते तिनं अजून ठरवलं नव्हतं. शेवटच्या अर्ध्या तासाची घंटा झाली आणि ती दचकली.

पेपर जमा करून तिनं गुरुलिंगला फोन लावला. दुकानात गिऱ्हाईक होतं, “एक मिनिट हं,” तो कुणालातरी म्हणाला आणि मग हळू आवाजात, “काय गं?” “पाय दुखतोय.” तिच्या डोळ्यांसमोर दुकान आलं. गल्ल्यामागच्या खालच्या फडताळात आंघोळीच्या टॉवेलांच्या गठ्ठ्याखाली तिचे सगळे रिपोर्ट ठेवलेले असतात, आईच्या हाताला लागू नयेत म्हणून. तिची फुप्फुसं, तिचं पोट, सगळं चाटी गल्लीत कोऱ्या टॉवेलांचा वास घेत पडलेलं. “कुठला?” “डावा. वर, जांघेत.” “पळण्यानं असेल.” “असेल.” “रोज पळतेस, डांबरी रस्ता, दुखणारच की.” “हो ना.” दोघंही एकमेकांना पटवत होते आणि दोघांनाही ते कळत होतं. “तपासणी राहिलीये आपली,” शेवटी तो म्हणाला. “परीक्षा संपू दे,” ती म्हणाली. “हां, परीक्षा संपू दे,” तो एवढ्या सुटकेनं म्हणाला की तिला त्याची कीव आली आणि स्वतःचीही. “आईला काही बोलू नकोस,” तो म्हणाला. हे तो दर फोनला म्हणतो. भावाच्या आजारात रोज संध्याकाळी आईला घेऊन यायचं काम याच्याकडं होतं. एसटीतून उतरलेल्या आईचं तोंड त्यानं सोळा महिने बघितलंय. तेव्हापासून त्याला कुणाचंही तोंड पडलेलं बघवत नाही. चांगला माणूस आहे. पण चांगल्या माणसाचा आधार वाटावा तसा आज वाटला नाही.

पाच वाजता ती घरी आली तर सोप्यात चटई अंथरलेली, चटईशेजारी तेलाची वाटी, आणि भिंतीला टेकून चन्नप्पा बसलेला. चन्नप्पा म्हणजे बाळीवेसचा जुना पैलवान, आता सत्तरीचा. कुस्ती सुटली तरी हात सुटले नव्हते. मुरगळलेलं, लचकलेलं, शीर चढलेलं, कमरेत उसण भरलेलं, सगळं त्याच्याकडं यायचं आणि तो पायाच्या टाचेला धरून असा एक झटका द्यायचा की माणूस कळवळायचा आणि दुसऱ्या मिनिटाला उठून चालायचा. “ये बाये,” सुंदरम्मा म्हणाली. “रुद्राणीनं सांगितलं मला. सकाळी पाय वडत हुतीस म्हणं. मला न्हाय सांगायचं व्हय?” “काही नाही हो अत्ती, थोडंसं दुखतंय. उद्यापर्यंत जाईल.” सासूला ती घरच्या कानडीप्रमाणं अत्तीच म्हणायची. “उद्याला कशाला? मी चन्नप्पाला मुद्दाम बलिवलंय. रोज पळायचं म्हंजे पाय पायजेत की.” “मला पेपर—” “पेपर कुटं पळून जात न्हाईत.” चन्नप्पा हसला. “झोपा लेकी. दोन मिन्टाचं काम हाय. ह्यो हात फिरला की सकाळी घोड्यावानी पळशीला.” नाही म्हणायला कारण लागतं, आणि तिच्याजवळ एकच कारण होतं. ते सोडून ती दुसरी शोधत होती, एक एक तोंडाशी आणून टाकून देत होती. आणि तेवढ्यात तिच्या मनात एक फार गोड विचार आला. चन्नप्पा काही डॉक्टर नाही, पण पन्नास वर्षं पाय हाताळतोय. त्यानं शीर आहे म्हटलं तर शीरच असेल. मग भीमाबाईचा आवाजही शिरेचाच, आणि जिन्यावरचंही शिरेचंच. तपासणी नको, यंत्रातलं ते गार फळकूट नको, रिपोर्ट यायच्या आधीचे ते दोन दिवस नकोत. एका म्हाताऱ्या पैलवानानं बोट ठेवून म्हणावं, शीर आहे, की झालं. तिनं पर्स ठेवली, पाय धुतले आणि चटईवर पडली.

चन्नप्पानं तिच्या सलवारीवरूनच गुडघ्यापासून वर बोटं चालवली, जपून, लेकीबाळींना हात लावायची रीत सांभाळून. गुडघ्याच्या वर थांबला, दाबलं. “हितं?” “नाही.” “हितं?” “थोडं.” “हां.” त्यानं सुंदरम्माकडं बघत मान हलवली. “शीर चढलीया अक्का. दुसरं कायबी न्हाय.” महेश्वरीनं डोळे मिटले. किती दिवसांनी असं वाटत होतं, परीक्षेत नापास होणार म्हणून बसलेल्या पोरीला काठावर पास झाल्याचं सांगावं तसं. शीर. काय सुंदर आजार आहे. सगळ्या माणसांना होतो, तिलाही झाला, ती माणसांत होती. उद्या सकाळी भीमाबाईला सांगायचं, अहो शीर चढली होती. “अक्का, तुमी खांदं धरा,” चन्नप्पा म्हणाला, “मी एकदा वडतो.” सुंदरम्मा तिच्या उशाशी बसली आणि तिनं दोन्ही हातांनी सुनेचे खांदे चटईवर दाबून धरले. तिचे हात नुकतेच भाकरी थापून आलेले, गरम. चन्नप्पानं एका हातानं टाच धरली, दुसऱ्या हातानं पाऊल, आणि पाय अलगद उचलला. उचलला तेव्हाच आतून ते आलं. सकाळचा खिळा नव्हे, त्याच्यापेक्षा खोल, बारीक करकरणारं काहीतरी, वेदनेसारखंही नाही, नुसती बातमी. शिरेचं दुखणं असं नसतं हे तिला कळलं. कुणी न सांगता कळलं. “मोटा श्वास घ्या लेकी,” चन्नप्पा म्हणाला. तिनं श्वास घेतला, मोठा, तळापर्यंत गेला, किती छान गेला, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. पोखरलेलं हाड काडीसारखं मोडतं. ओढू दे, एक मन म्हणालं. नाही मोडलं तर शीर ठरेल, आणि मोडलं तर निदान संपेल हे रोजचं ऐकणं. हे मन किती दिवसांपासून तिच्यात राहत होतं तिला माहीत नव्हतं आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त धसका बसला. “आता सोडा श्वास,” चन्नप्पा म्हणाला आणि त्याची पकड घट्ट झाली. “ओढू नका,” महेश्वरी ओरडली. “ओढू नका चन्नप्पामामा. मला कॅन्सर आहे. हाडात असेल. मोडेल.”

तो पाय तसाच हवेत राहिला. एवढा मोठा पैलवान, पण त्याला तो खाली ठेवायचं धैर्य होईना. मग त्यानं तो इतका हळूहळू खाली आणला, इतका वेळ लावून, की टाच चटईला लागल्याचं तिला कळलंही नाही. त्यानं हात मागं घेतले आणि आपल्याच धोतराला पुसले. “मी हाडाला हात लावत न्हाय लेकी,” तो म्हणाला, जणू त्याच्यावर कुणी आळ घेतला होता. “शीर हाय वाटलं मला. मी कधी हाडाला हात लावत न्हाय.” उठला, पायताण शोधत दारात घुटमळला आणि गेला. तेलाची वाटी तिथंच राहिली. सुंदरम्माचे हात अजून खांद्यांवर होते. तेवढेच घट्ट. महेश्वरीला तिचं तोंड दिसत नव्हतं, वरून फक्त आवाज आला. “बार्शीचं?” “हो.” “कधीपास्नं?” “तीन वर्षं. मुतखडा नव्हता तो.” “गुरूला ठावं हाय?” “हो.” आता ही रडेल, छाती पिटून घेईल, नंदीशला हाका मारेल, म्हणून महेश्वरी अंग चोरून पडून राहिली. आणि सुंदरम्मा भडकली. “आन् मला कारलं किसाय लावलं व्हय? दीड वरीस झालं, रोज सकाळी उठून किसतीया मी. बोटं सोलून निगाली माजी. सगळ्या गल्लीला सांगत बसले, माज्या सुनंची शुगर, माज्या सुनंची शुगर. याडी केली की गं मला दोघांनी.” तिचा आवाज चढत गेला आणि मध्येच कुठंतरी फुटला. “आन् असं आसताना पळत हुतीस?” “हो.” “कशाला गं? येवडं दुकनं अंगात घिऊन कशाला पळत हुतीस?” हे कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टर चांगलं आहे म्हणाले होते, नवरा जपून म्हणाला होता, गल्लीनं शुगर समजून घेतली होती. महेश्वरीला शहाण्यासारखं उत्तर देता आलं असतं. ताकद राहते, श्वास राहतो, मन ताजं राहतं. “थांबले तर गाठेल म्हणून,” ती म्हणाली, आणि ते मोठ्यानं म्हटल्यावर केवढंसं वाटलं.

सुंदरम्मा उशाकडून उठून तिच्या बाजूला येऊन बसली. आता तोंड दिसत होतं. ते पडलेलं नव्हतं. गुरुलिंगनं ज्या तोंडाची एवढी भीती घेतली होती ते हे तोंड नव्हतंच. ही कपाळावर विभूती लावलेली, नाक लाल झालेली, विचारात पडलेली म्हातारी होती. “माजा नंदीश सोळा म्हैने जाग्याव पडून हुता,” ती सावकाश म्हणाली. “त्येलाबी गाठलं. तू पळत हुतीस, तुलाबी गाठलं. पळाल्यानं त्यो हुकत न्हाय आन् पडल्यानं हुकत न्हाय बाये. पर नंदीश माज्याफुडं कण्हायचा तरी. मला कळायचं, आज लई हाय, आज कमी हाय. तू तर मला कायबी कळू दिलं न्हाईस.” मग तिच्या तोंडून आपसूक कानडी आलं, घरातल्या अगदी आतल्या गोष्टींना येतं तसं. “नोयताद येन?” दुखतंय का? महेश्वरीनं नाही म्हणण्यासाठी तोंड उघडलं. तीन वर्षांत तिला कुणीही विचारलं की ती नाही म्हणायची, थोडंसं म्हणायची, उद्यापर्यंत जाईल म्हणायची. “भाळ नोयताद, अत्ती,” ती म्हणाली. फार दुखतंय. आणि मग तिला रडू आलं ते काही केल्या आवरेना. सुंदरम्मानं तिला आवर म्हटलं नाही. फक्त एकदा म्हणाली, “उद्या नगं पळू. जरा थांब की. बघू तरी, किती जवळ आलाय त्यो.”

पर्स हाताच्या अंतरावर होती. सुंदरम्मानं ती ओढून दिली. महेश्वरीनं पडल्या पडल्याच डॉक्टरांच्या दवाखान्याला फोन लावला. वाजत असताना तिला वाटत होतं कुणी उचलू नये, आणि तिसऱ्या घंटेला त्यांच्या मदतनीस बाईंनी उचलला. नाव सांगितलं. त्या ओळखत होत्या. “अहो तुमची तपासणी राहिलीये की मॅडम, मी दोनदा मेसेज टाकला,” त्या म्हणाल्या. “डाव्या जांघेत दुखतंय,” महेश्वरी म्हणाली. पलीकडचा आवाज एकदम कामाचा झाला. “पायावर भार देऊ नका. उठताना कुणाला तरी धरून उठा. सकाळी नऊला या, मी डॉक्टरांना आत्ताच सांगते. लिहून घेते हं. कधीपासून दुखतंय?” महेश्वरीनं सासूकडं बघितलं. ती ऐकत होती. आज सकाळपासून, असं महेश्वरीच्या ओठांवर तयार होतं. दिवसभरात तिनं ते इतक्या वेळा घोकलं होतं की खरं वाटायला लागलं होतं.

“दीड महिना झाला,” ती म्हणाली.